बोळिंज ते बोरीबंदर: 1864-65 सालची तीन मुलं

विरार स्थानकातून पश्चिमेला उतरून आगाशीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात बोळिंज येतं. बाहेरच्या लोकांना हे नाव आज माहीत असतं ते म्हाडाच्या सोडतीमुळे. ‘विरार-बोळिंज’ ही अक्षरं गेल्या काही वर्षांत हजारो कुटुंबांच्या अर्जांवर उमटली. पण मनोऱ्यांच्या मागे वळलं की जुनं गाव अजून भेटतं. कौलारू घरं, विहिरी, केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, वाडवळी आणि सामवेदी बोलीतल्या गप्पा. पुढे आगाशीला सुकेळी मिळते. राजेळी केळी सोलून, उन्हात सुकवून, पानांत बांधलेली ही सुकेळी वसईची खास ओळख आहे.

इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कादंबऱ्या आणि त्यांतली दुर्दैवी मुलं हा विषय कोणी काढला, तर आपल्या डोळ्यांसमोर लंडनचं धुकं येतं. बोळिंज येत नाही. तरीही या विषयाचा प्रवास इथून सुरू करता येतो आणि तो एका दिवसात पायी, रिक्षाने आणि लोकलने पुरा होतो. विरारवरून जाणारा लोहमार्ग नोव्हेंबर 1864 मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोचला. त्याच वर्षी मार्चमध्ये खानदेशातल्या पारोळ्याला हरि नारायण आपटे जन्मले आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईत रखमाबाई जन्मल्या. पुढच्या वर्षी, 30 डिसेंबर 1865 रोजी, मुंबईतच रडयार्ड किपलिंग जन्मला. हरिभाऊंचं बालपणही मुंबईत गेलं. म्हणजे 1870 च्या सुमारास ही तिन्ही मुलं एकाच शहरात वाढत होती. तिघांनाही बालपणाचे चटके बसले किंवा ते त्यांनी जवळून पाहिले, आणि तिघांनीही मोठेपणी त्यावर लेखणी चालवली. त्यांच्या वाटेवरून जायचं तर पहिला थांबा लोकलच्या आधी, गावातच घ्यावा लागतो.

बोळिंजहून नंदाखालच्या बाजूला निघालं की वळणावळणावर क्रूस दिसू लागतात. नंदाखाल हे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं गाव. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, हरित वसईच्या लढ्यातले एक अग्रणी आणि 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. या भागातले रस्त्याकडेचे क्रूस नीट थांबून पाहावेत. चुन्याने रंगवलेला चौथरा, त्यावर हातभर किंवा पुरुषभर उंचीचा क्रूस, गळ्यात झेंडूची माळ, पायाशी मेणबत्तीसाठी छोटा कोनाडा आणि त्या कोनाड्याच्या कडेवर गोठलेल्या मेणाचे थरावर थर. लाल लुगड्यातली एखादी म्हातारी बाजारातून येताना थांबते, हात जोडते, बरोबरच्या नातवाचा हात धरून त्यालाही छातीवर क्रुसाची खूण करायला लावते आणि पुढे निघते.

किपलिंगच्या अगदी पहिल्या आठवणींपैकी एक अशीच आहे. त्याला सांभाळणारी आया कॅथलिक होती. रस्त्याकडेच्या क्रुसापाशी ती प्रार्थनेला थांबे आणि हा तिच्या शेजारी उभा राही, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. आपल्या आयेला त्याने पोर्तुगीज म्हटलं. त्या काळी मुंबईत गोव्याच्या आणि वसई-साष्टीच्या अशा दोन्हीकडच्या ख्रिस्ती लोकांना सरसकट तसंच म्हणत. वसई, साष्टी आणि मुंबईच्या मूळ ख्रिस्ती लोकांनी पुढे 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव होता त्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं आणि आपली संघटना स्थापन केली. साहेबाच्या घरातलं मूल अशा एका बाईच्या मांडीवर वाढलं, तिच्या गोष्टी ऐकत झोपलं, आणि इंग्रजीच्या आधी हिंदुस्थानीत विचार करू लागलं. आईवडिलांसमोर जाताना त्याला आता इंग्रजीत बोल म्हणून बजावावं लागे.

विरारला परतून चर्चगेटची गाडी पकडायची. या मार्गावरची पहिली उपनगरी गाडी 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत धावली. दिवसातून एक गाडी सकाळी जाणारी, एक संध्याकाळी येणारी. आज त्याच मार्गावर काही मिनिटांना एक गाडी सुटते आणि तरी पाय ठेवायला जागा नसते. दुपारच्या मधल्या वेळेत मात्र खिडकी मिळू शकते. वसई रोड आणि नायगाव गेलं की खाडी येते, पुलाखाली पाणी आणि मधोमध पाणजू बेट. धिम्या गाडीने गेलं तर इंग्लंडमधल्या त्या मुलांची ओळख करून घ्यायला पुरेसा वेळ हाती असतो.

व्हिक्टोरिया जून 1837 मध्ये गादीवर आली. त्याच वर्षी चार्ल्स डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ मासिकातून क्रमशः सुरू झाली. इंग्लंडमध्ये 1834 मध्ये गरिबांसाठी नवा कायदा झाला होता. मदत हवी तर अनाथगृहासारख्या एका कोंडवाड्यात राहायचं, तिथे अन्न इतकं कमी आणि काम इतकं कठोर की नाइलाज झाल्याशिवाय कोणी पायरी चढू नये, हा त्या कायद्यामागचा हिशेब. ऑलिव्हर अशा जागी जन्मतो आणि त्याची आई त्याच रात्री मरते. डिकन्सला हे दुःख ऐकून माहीत नव्हतं. 1824 मध्ये वडील कर्जापायी तुरुंगात गेले, तेव्हा बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं होतं. ही गोष्ट त्याने आयुष्यभर जगापासून लपवली आणि कादंबऱ्यांमधून पुन्हा पुन्हा सांगितली.

शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये, 1847 मध्ये, हेलन बर्न्स ही शाळकरी मुलगी क्षयाने मरते. शार्लटची थोरली बहीण मरिया 1825 मध्ये अशाच एका शाळेतून आजारी होऊन घरी आली आणि वारली होती. तिचंच हे चित्र. ‘ब्लीक हाउस’मधला जो हा रस्ता झाडणारा पोरगा कोणाचाच नसतो आणि कोणाच्याही अंगणात तो चालत नाही. पोलीस त्याला सतत पुढे हो म्हणून हाकलतात. थॉमस हार्डीच्या 1895 मधल्या ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’मध्ये तर घरातली मुलं जास्त झाली म्हणून हे हाल, अशी समजूत करून घेऊन एक लहानगा धाकट्या भावंडांसह स्वतःलाही संपवतो. डिकन्सचं मूल बहुधा वाचतं, कारण शेवटी कोणी दयाळू गृहस्थ भेटतो. हार्डीच्या जगात तसा कोणी येत नाही. साठ वर्षांत इंग्रजी कादंबरीचा त्या दयाळू गृहस्थावरचा विश्वास उडाला होता.

आपल्याकडे मूल जन्मल्यावर सटवाईची पूजा करतात. कोरा कागद आणि लेखणी ठेवतात आणि ती रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असं मानतात. या साऱ्या कादंबऱ्या एकापुढे एक ठेवल्या की लक्षात येतं, पोराच्या कपाळी लिहिणारा हात दैवाचा नाही. तो कायदा करणाऱ्याचा आहे, शाळेचा खर्च वाचवणाऱ्याचा आहे, घरातल्या कर्त्या माणसाचा आहे. हे इंग्रजी लेखकांनी दाखवलं आणि त्याच काळात ते मराठीतही दाखवलं गेलं. त्यासाठी चर्नी रोडला उतरायचं.

पूल ओलांडला की गिरगाव. वाड्या, चाळी, लाकडी जिने, आणि आता त्यांच्यातून डोकं काढणारे काचेचे मनोरे. रखमाबाई या गिरगावच्या. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असताना गेले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार समाजात त्याला आडकाठी नव्हती. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढणाऱ्या आठ जणांत ते होते. अशा घरातही रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं, एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी. त्या माहेरीच राहिल्या, घरी बसून शिकल्या, आणि मोठ्या झाल्यावर सासरी जायला त्यांनी नकार दिला.

दादाजींनी 1884 मध्ये मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. समजत्या वयात संमती दिलीच नाही, त्या बाईला बळजबरीने नवऱ्याकडे धाडणं त्यांना पटेना. अपिलात तो निकाल फिरला. मार्च 1887 मध्ये आज्ञा झाली की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी कळवलं की आपण तुरुंगात जायला तयार आहोत. याआधीच ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘अ हिंदू लेडी’ या सहीने त्यांची पत्रं आली होती आणि बालविवाहाने मुलीचं शिक्षण, शरीर आणि मन कसं चिरडतं हे विलायतेपर्यंत पोचलं होतं. 1888 मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. त्या लंडनला वैद्यक शिकायला गेल्या, 1894 मध्ये ब्रुसेल्सची एम. डी. मिळवली, पुढे सुरत आणि राजकोटला डॉक्टरकी केली आणि 1955 मध्ये, वयाच्या नव्वदीत, वारल्या. आज गिरगावात चालताना या एका मुलीने काय अंगावर घेतलं होतं, याचा विचार केला तरी ऊर भरून येतो. कपाळी लिहिलेलं मान्य नाही, असं कोर्टात उभं राहून सांगणारी ती होती.

हरिभाऊ 1878 मध्ये पुण्याला गेले. आई लहानपणीच गेली होती. डिकन्स, स्कॉट, रेनॉल्ड्स हे इंग्रजी कादंबरीकार त्यांनी भरपूर वाचले. ‘मधली स्थिती’ ही 1885 मधली त्यांची पहिली कादंबरी रेनॉल्ड्सच्याच वळणाची आहे. पण ऑक्टोबर 1890 मध्ये स्वतःचं ‘करमणूक’ पत्र सुरू केल्यावर त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी येऊ लागली, तेव्हा कोणाच्या वळणाची गरज उरली नव्हती. यमू नावाची मुलगी स्वतःची हकिकत स्वतः सांगते. भातुकली खेळण्याच्या वयापासून ती घरातल्या बायकांचं दुःख पाहते, आईला झिजून मरताना पाहते, लग्न होऊन सासरी जाते. नवरा रघुनाथ चांगला असतो. त्याच्याबरोबर मुंबईला येते तेव्हा लिहिणंवाचणं, मोकळी हवा, चार सुखाचे दिवस तिला मिळतात. मग तो मरतो. पुण्यातल्या घरात शंकरमामंजींच्या पुढाकाराने तिचं बळजबरीने केशवपन होतं. त्यानंतर ती फार जगत नाही.

ऑलिव्हरला छळणारी माणसं परकी असतात. यमूला छळणारी तिच्याच घरची, सोवळ्यात वावरणारी, रोज देवपूजा करणारी आहेत. म्हणून मला ही कादंबरी डिकन्सपेक्षा जास्त भेदक वाटते. शिवाय ती योग्य वेळी आली. बंगालमध्ये 1890 मध्ये फुलमणी या जेमतेम दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा नवऱ्याच्या बळजबरीने मृत्यू झाला होता. मार्च 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि ती मर्यादा दहावरून बारावर आली. त्या कायद्यावरून पुणं आणि मुंबई पेटली होती. टिळकांनी विरोध केला, सुधारकांनी पाठिंबा दिला. सभा-पत्रकांच्या त्या धुमाळीत ‘करमणूक’ दर आठवड्याला यमूची गोष्ट लोकांच्या माजघरात पोचवत होतं.

याच्याही आधी, 1857 मध्ये, बाबा पद्मनजींच्या ‘यमुनापर्यटन’मधली यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडत विधवांच्या कहाण्या ऐकते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे, आणि तीही प्रवासाचीच कथा आहे. आपली कादंबरी जन्मली तीच दुसऱ्याच्या घरातलं दुःख विचारत.

गिरगावातून काळबादेवीमार्गे चालत निघालं की कापडबाजार, पितळी भांड्यांच्या पेठा मागे टाकत आपण बोरीबंदरजवळच्या क्रॉफर्ड मार्केटला येतो. 1869 मध्ये बांधून झालेल्या या इमारतीच्या प्रवेशद्वाराच्या वर पाहावं. शेतकऱ्यांची आणि कष्टकऱ्यांची उठावशिल्पं आहेत. ती जॉन लॉकवुड किपलिंगची, म्हणजे रडयार्डच्या वडिलांची. ते 1865 मध्ये मुंबईच्या कलाशाळेत शिल्प शिकवायला आले. लहानगा रडयार्ड सकाळी आया आणि बाबागाडीतल्या बहिणीबरोबर फळबाजारात फेरी मारायला येई. आजही सकाळी गेलात तर फळांच्या रचलेल्या राशी, हमालांच्या डोक्यावरच्या पाट्या आणि गवताचा वास तोच असतो.

रस्त्यापलीकडे सर ज. जी. कला महाविद्यालय. झाडांच्या गर्द सावलीत लाकडी सज्जांचा अधिष्ठात्यांचा जुना बंगला आहे आणि तिथे किपलिंगचा अर्धपुतळा आणि जन्माची नोंद करणारी पाटी आहे. त्याचा जन्म झाला ते मूळ घर पुढे राहिलं नाही, आताचा बंगला त्याच आवारात नंतर उभा राहिला. आवारात जायचं तर आधी परवानगी विचारावी.

इथून 1871 मध्ये पाच वर्षांचा रडयार्ड आणि त्याची तीन वर्षांची बहीण ट्रिक्स यांना विलायतेला नेलं. हिंदुस्थानच्या हवेत गोऱ्यांची मुलं दगावत आणि इथे वाढली तर बिघडतील अशीही धास्ती असे. म्हणून त्यांना तिकडे पाठवण्याची रीतच होती. आईवडिलांनी त्यांना साउथसी इथल्या एका अनोळखी कुटुंबात पैसे देऊन ठेवलं आणि निरोप न घेताच ते परतले. जवळजवळ सहा वर्षं तो तिथे होता. घरच्या बाईने मारलं, कोंडलं, शाळेच्या गुणांवरून खोटं बोलला म्हणून पाठीवर ‘खोटारडा’ अशी पाटी लावून रस्त्याने पाठवलं. डोळे अधू होत गेले ते कोणाच्या लक्षात आलं नाही. 1877 मध्ये आई आली आणि रात्री पापा घ्यायला वाकली, तेव्हा मार पडणार असं वाटून त्याने हात आडवा धरला.

1888 मध्ये त्याने यावर ‘बा बा, ब्लॅक शीप’ ही कथा लिहिली. कथेची सुरुवात मुंबईतल्या घरात होते. आया आणि हमाल मुलांना झोपवत असतात आणि पंच नावाच्या मुलाला कळत नसतं की हे सगळं आता सुटणार आहे. शेवटी आई परत मिळते, पण एकदा द्वेष चाखलेल्या मुलाच्या मनातून तो पुरता जात नाही, असं कथा बजावते. हा किपलिंग पुढे साम्राज्याचा भाट झाला. 1899 मध्ये त्याने गोऱ्या माणसाचं ओझं हे काव्य लिहिलं आणि आपल्यासारख्यांना कायमचं अर्धं मूल ठरवलं. त्याबद्दल त्याला माफी नाही. तरीही ज्या व्यवस्थेची त्याने आरती गायली, तिनेच आधी त्याला आयेच्या मांडीवरून ओढून नेलं होतं, हेही तितकंच खरं.

त्या आयेचं काय झालं? साहेबाची मुलं बोटीत बसली की अशा बायांचं काम संपे. कथेत आणि आठवणींत ती काही ओळींपुरती येते. व्हिक्टोरियन बालपणाच्या इतिहासात आपली स्वतःची मुलं गावी ठेवून दुसऱ्याची मुलं वाढवणाऱ्या या बायांचा धडा अजून लिहायचा राहिला आहे.

परत फिरताना मंडईच्या नावाकडे लक्ष द्यावं. लॉकवुड किपलिंगची शिल्पं मिरवणाऱ्या या इमारतीचं आजचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेने गुपचूप येऊन बाळंत व्हावं, जावं किंवा राहावं, मूल मात्र जगावं. तिथे जन्मलेल्या काशीबाईंच्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतलं आणि तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये त्याच्याबरोबर रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. डिकन्सच्या पुस्तकात शेवटच्या प्रकरणात भेटणारा दयाळू गृहस्थ पुण्यात खराखुरा होता, त्याच्याबरोबर त्याची पत्नीही होती, आणि ते दोघे पहिल्या प्रकरणातच दार उघडून उभे होते.

बोळिंजहून सकाळी निघालात तर संध्याकाळच्या विरार गाडीपर्यंत हे सगळं पाहून होतं. नंदाखालचे क्रूस ऊन चढायच्या आत पाहावेत, गिरगावात दुपारचं जेवण घ्यावं, ज. जी.चं आवार आणि मंडई रविवार सोडून गाठावी. पिशवीत ‘पण लक्षात कोण घेतो!’ची प्रत असू द्यावी. परतीच्या फलाटावर मात्र पुस्तक मिटून जरा आजूबाजूला पाहावं. एकटं, बावरलेलं, घर सोडून आलेलं मूल विरारला, दादरला, चर्चगेटला आजही दिसतं. 1996 मध्ये मुंबईतच सुरू झालेला 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन फुकट आहे आणि तो रात्रंदिवस चालू असतो. तो नंबर आपल्या मोबाइलमध्ये आजच साठवून ठेवा आणि असं मूल दिसलं तर पुढे न जाता फोन करा.